कन्नडच्या बाईंचा पगार

निपाणी
३० जानेवारी २०२५

अण्णास, लताचा नमस्कार.

तीन दिवसांत अकरा वेळा फोन केला. एकदा वहिनीनं उचलला आणि म्हणाली, ते अंघोळीला गेलेत. संध्याकाळी सहा वाजता! पण तिची काय चूक? तू सांगितलंस तेच ती बोलली. म्हणून आज कागद घेतला. फोन कट करता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर ते पाकीट. दर सव्वीस जानेवारीला शाळेत आप्पांच्या नावाचं मराठीचं बक्षीस दिलं की तू कोल्हापूरहून त्या मुलाला फोन करतोस, पैशांचं काय घेतलंस म्हणून विचारतोस. यंदा स्वरालीला विचारलंस आणि ती पोर म्हणाली, "सर, पाकिटात काही नव्हतं." तिनं खोटं सांगितलेलं नाही. पाकिटावर आपल्या वडिलांचं नाव होतं, माइकवरून तुझं नाव मी स्वतः घेतलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला, तो तुलाही पाठवला. आत काही नव्हतं.

आता तूही कॉलेजात जन्म काढलास. स्टेजवर रिकामंच पाकीट देतात आणि रक्कम मागाहून ऑफिसात सही घेऊन देतात, हे मी तुला सांगायला नको. गर्दीत पोरांकडून पैसे हरवू नयेत म्हणून ही पद्धत आप्पा हेडमास्तर होते तेव्हापासून आहे. आमच्या क्लार्कनं, शामूनं, दुसऱ्या दिवशी तिला बोलावून पैसे द्यायचे होते, ते राहून गेले. त्याला मी चांगला झापला आहे.

आणि भावकूनं तुझे कान भरलेत तेही खरं आहे. मंडळाचा अध्यक्ष झाला तरी शाळेतली चहाडीची सवय गेली नाही तुझ्या वर्गमित्राची. तू आप्पांच्या नावानं सोसायटीत ठेवलेले दीड लाख आम्ही गेल्या जूनमध्ये मोडले. वादळात आठवीच्या वर्गाचे पत्रे उडाले होते, पोरं व्हरांड्यात बसत होती. डोक्यावर छप्पर नको? मंडळाचा ठराव आहे, त्यावर सह्या आहेत. तुला कळवायचं राहिलं, ही माझी चूक.

एवढ्यावरून बहिणीशी बोलणं टाकतात का रे? पाकिटाचं मी निस्तरते. तू फोन उचल.

लता


निपाणी
१४ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

सख्ख्या बहिणीला रजिस्टर पोस्टानं पत्र! पोस्टमननं सही घेतली तेव्हा सगळी स्टाफरूम माना उंचावून बघत होती. त्यांना वाटलं, खात्याची नोटीस आली. नोटीसच होती म्हणा. "पत्र्यांची बिलं पाठव." तीन शब्द, आणि खाली सही डिग्रीसकट.

तीस हजारांची बिलं आहेत, ती सोबत जोडली आहेत. उरलेल्या एक लाख वीस हजारांची मिळणार नाहीत, कारण ते पत्र्यांवर गेलेच नाहीत. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. शामूचाही काही दोष नाही. ठेवीच्या व्याजातले बक्षिसाचे पाच हजार मी कपाटात बाजूला ठेवले होते, ते डिसेंबरच्या वीजबिलात घातले. पगार झाला की आपल्या पदरचे भरू असं म्हणून स्टेजवर गेले, आणि त्यानंतर विसरले ती विसरलेच. शामूची मी माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाई, क्लार्क असतोयच त्यासाठी." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एक लाख वीस हजार कन्नडच्या बाईंच्या पगाराला लावले. महिना बारा हजार, जून ते मार्च. बाईंचं नाव सौम्या, चिकोडीहून येतात.

आता उठून येरझाऱ्या घालत असशील. घाल. दम लागला की बस आणि पुढचं वाच.

आप्पा सीमालढ्यात सहा महिने तुरुंगात होते. घरी कन्नडमधलं सरकारी पत्र आलं की न फोडता परत पाठवायचे, वर स्वच्छ अक्षरात लिहायचे, "मराठीत पाठवावे." त्यांच्या नावाचं मराठीचं बक्षीस मोडून मी कन्नडच्या बाई आणल्या. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. कळवायचं राहिलं वगैरे काही नाही, मी भ्याले होते. पैसा तुझा, नाव आप्पांचं, आणि निर्णय घेतला मी एकटीनं. ही चोरीच झाली म्हणालास तर मी वाद घालणार नाही.

पण मी हे का केलं ते ऐकून घे. गेल्या साली दहावीला तेहतीस पोरं बसली, चौदा नापास झाली. त्या चौदांतली अकरा फक्त कन्नडात. बाकी सगळे विषय सुटलेले! आपल्या कन्नडच्या सरांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली, जागा भरली नाही. हिंदीचे सर बिचारे तास भागवून न्यायचे. ते पोरांना सांगायचे, मला येतं तेवढं शिकवतो, आणि त्यांना येत होतं ते वर्गणी मागण्यापुरतं.

जूनमध्ये मंडळानं ठराव केला. यंदाच्या दहावीचा निकाल साठ टक्क्यांच्या खाली गेला तर येत्या जूनपासून आठवीचा वर्ग भरायचा नाही. आठवीच भरली नाही तर दोन वर्षांत नववी आणि दहावी आपोआप संपतात. मग आप्पांच्या नावाचं मराठीचं बक्षीस कुणाला द्यायचं? भिंतीला?

भावकू म्हणाला, बाई, पत्रे घाला, पत्रे दिसतात, पालक खूश होतात. मी म्हटलं, पत्र्यांना तीस हजार पुरेत, बाकीचे मला मास्तर आणायला द्या. तो म्हणाला, पैसा कुठनं आणायचा? तेव्हा तुझी ठेव मीच दाखवली. भावकूनं नाही. त्यानं नुसती सही केली आणि आता तुझ्याकडे साळसूदपणे रडतोय.

आप्पा असते तर काय म्हणाले असते? खरंच सांगते, मला माहीत नाही. "लता, बस खाली" म्हणाले असते, एवढं नक्की.

पैसे परत कर म्हणशील तर माझ्या पगारातून फेडीन. पण सौम्याबाईंना परीक्षा होईतो काढणार नाही. तुला सांगून ठेवते.

लता


निपाणी
९ मार्च २०२५

अण्णा,

या वेळी तू मला लिहिलंच नाहीस, थेट भावकूला लिहिलंस. "वडिलांचे नाव बक्षिसाच्या फलकावरून उतरवावे." तो ते पत्र घेऊन माझ्या ऑफिसात आला, चहा प्याला आणि म्हणाला, "आता काय करायचं, हेडबाई?" मी म्हटलं, स्टूल आणा, स्क्रू-ड्रायव्हर आणा, आणि तुम्ही स्वतः चढा. तुमच्या पायात गोळा येतो म्हणून शिपायाला चढवायचं नाही. तो काही चढला नाही. फलक आहे तिथंच आहे.

पण तो खरा आला होता दुसऱ्याच कामाला. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "एकतीस पोरं हाईत. त्यातली नऊ लई कच्ची. त्यांच्या घरी सांगा, यंदा बसू नका म्हनावं, पुढच्या साली बगू. बसलेल्यातनं पास किती, एवढंच मोजत्यात. बावीसात अठरा निघाली तरी ऐंशी टक्क्याच्या वर जातंय. शाळा बी वाचली, तुमची बी अब्रू वाचली."

हिशेब बरोबर होता, अण्णा. दोन मिनिटं मी तोच हिशेब करून बघितला. ही दोन मिनिटं तुला सांगायची नव्हती, पण आता तुझ्यापाशी लपवाछपवी पुरे झाली. मनात आलं, खरंच, नऊच तर आहेत. मग त्या नवांची नावं डोळ्यांपुढं आली. त्यातल्या चार मुली. पुढच्या साली बघू म्हणून घरी बसलेली मुलगी पुढच्या साली तंबाखूच्या वखारीत दिसते नाहीतर मांडवात. मी भावकूला म्हटलं, एकतीसच्या एकतीस बसतील. निकाल साठच्या खाली गेला तर वर्ग बंद करायच्या आधी माझा राजीनामा घ्या. तिथंच लिहून दिला, तारीख मोकळी ठेवून. त्यानं घडी घालून खिशात ठेवला. "बघा हां, मी मागितला न्हाई," म्हणाला. लबाड!

सौम्याबाईंचं तुला सांगायचंय. तू ऐकणार नाहीस, पण पत्रापुढं कानांवर हात ठेवून भागत नाही.

पहिला महिना पोरांनी त्यांना रडवलं. बाईंचं मराठी तोडकं, त्या तोंड उघडायच्या आणि वर्ग खिदळायचा. पुस्तक कुणी उघडेना. मी छडी घेऊन निघाले होते, तर मला म्हणाल्या, "नको मॅडम, मी बघते." दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, घरात कन्नडात छापलेला जो कागद असेल तो आणा. लाईट बिल, रेशनकार्ड, शेताचा उतारा, काहीही. एकतीस कागद आले. काही दोन-दोन पिढ्या ट्रंकेत पडलेले, घरात कुणाला वाचता न येणारे. धडा म्हणून बाईंनी तेच शिकवायला घेतले.

आठवड्यानं भरमू आला, पटका सावरत, तोंडानं आग. "बाई, ही कसली शाळा? माझ्या पोरानं उतारा वाचला आन् म्हनतोय हीर आपली न्हायच, चुलत्याची हाय! तीस वर्सं पानी प्यालो आमी, तुमच्या मास्तरणीनं एका दिसात ती दुसऱ्याची केली व्हय?" सौम्याबाईंनी कागद घेतला, बोट ठेवून त्यालाच वाचून दाखवला. पोराचं वाचन बरोबर होतं. भरमूनं कागद ओढून पटक्यात खोचला. उद्यापासून पोरगं शाळेत येणार नाही म्हणून गेला. मी म्हटलं, झालं, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास! दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन आलाच, आणि पिशवीतनं आणखी तीन कागद काढले. "हे बी वाचून घ्या. जे व्हायाचं ते एकदाच होऊ दे." आता शनिवारी दुपारी पाच-सहा बाप मागच्या बाकावर बसतात, आणि बाप बसला की पोर कुठं जाणार?

स्वरालीच्या घरीही जाऊन आले. माझ्या पगारातले पाच हजार तिच्या आईपुढं ठेवले. जयाबाई वखारीतनं नुकतीच आली होती, तंबाखूनं खोकत होती. तिनं हातही लावला नाही. "बाई, तुमच्या पगारातलं घेऊन काय करू? पोरीला मास्तरांच्या नावाचं मिळालं म्हनून अख्ख्या वखारीत पेढं वाटल्यात मी." मला जमीन दुभंगावी असं झालं. ठेव कशाला मोडली ते सगळं सांगितलं तिला. तेव्हा स्वराली आतनं म्हणाली, "मॅडम, मला दहावीला मराठीत सव्वाशेपैकी एकशे बावीस पडले, पण कन्नडात छत्तीस. दोन मार्क कमी पडले असते तर मी पण आईबरोबर वखारीत असते. सर रागावलेत का माझ्यावर?"

तिला मी काय सांगायचं ते तू मला कळव. परीक्षा एकवीस तारखेला सुरू होतेय.

लता


निपाणी
३ मे २०२५

अण्णा,

स्वरालीला तू परस्पर पाच हजार पाठवलेस आणि तासभर फोनवर बोललास, हे जयाबाईनं सांगितलं. मला एक ओळ नाही. असो. पोरीचं समाधान झालं, मला एवढं पुरे. नाही, पुरे नाही. वाईट वाटलं मला, लई वाईट वाटलं. पण आज ते बोलायचं नाही.

काल निकाल लागला. कन्नडात एकतीसपैकी एकतीस पास. भरमूच्या पोराला एकाहत्तर. सौम्याबाई ऑफिसात उभ्या राहून रडल्या आणि मी त्यांना रड गं म्हटलं, पोटभर रड.

एकूण निकाल एकतीसात अठरा. अठ्ठावन्न टक्के. एक पोर कमी पडलं.

तेरांपैकी तीन दुसऱ्या विषयांत गेली, त्यांचं ते ते सर बघतील. दहा फक्त गणितात गेली. का गेली ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला मी ते सांगितलेलं नाही. डिसेंबरपासून शनिवारचे गणिताचे दोन्ही तास मी कन्नडला दिले. गणिताच्या सरांनी दोनदा येऊन सांगितलं, "बाई, बीजगणित राहतंय." मी म्हटलं, बघू. कन्नडाची आग विझवायला गेले आणि गणिताच्या गंजीला काडी लावून आले. माझ्या हातानं झालंय हे. सौम्याबाईंचा त्यात काडीचा दोष नाही, आणि कुणी त्यांच्याकडं बोट दाखवलं तर ते बोट मी मोडीन.

काल सायंकाळी मंडळाची बैठक झाली. भावकूनं माझा राजीनामा खिशातनं काढून टेबलावर ठेवला. सहा जण होते, सगळे पंख्याकडं बघत होते. मी उभी राहिले. म्हटलं, राजीनामा तुमचा आहे, घ्या. पण सव्वीस तारखेला नापासांची दुसरी परीक्षा आहे, तिचा निकाल याच वर्षाच्या निकालात धरा आणि मग काय ते ठरवा. तेवीस दिवस द्या मला. तासभर कचकच झाली, शेवटी कबूल झाले. राजीनामा पुन्हा त्याच्या खिशात गेला.

बैठक उठल्यावर भावकू जिन्यात थांबला. "हेडबाई, आता तरी शहाण्या व्हा. एक पोर पास झालं की एकोनीस, साठाच्या वर. त्यातलं बरं एक बगा, धरून बसवा आन् तेवढंच घोटून घ्या. दहाच्या मागं कशाला लागताय? आन् दहांना शिकवायला मास्तर कुठला? मंडळाकडं दमडी न्हाय."

मंडळाला एकच पोर हवंय. मला दहाही हवीत. नऊ जणांना घरी बसवायचं नाही म्हणून मार्चमध्ये भांडले, आणि आता मेमध्ये या दहांना वाऱ्यावर सोडू? या शाळेला शंभर पोरांचं गणित जमवायचंय, तिजोरीचंही जमवायचंय, आणि दरवेळी एकाकडं बघितलं की दुसरं हातातनं निसटतंय. शिकले मी या वर्षी. पण शिकायला फार महाग पडलं, आणि ते पोरांच्या पदरातनं गेलं.

गणिताच्या सरांच्या गुडघ्याचं बेळगावात ऑपरेशन झालंय, ते महिनाभर उठणार नाहीत. बाहेरचा मास्तर तीन आठवड्यांचे वीस हजार मागतो. पत्रे विकले तरी तेवढे येणार नाहीत.

अण्णा, मी तुझ्याकडं पैसे मागायला लिहीत नाही. मागितले असते तर तू दिलेही असतेस, आणि पुन्हा एक रजिस्टर पत्र आलं असतं. तू पस्तीस वर्षं गणित शिकवलंस. तू ये.

तेवीस दिवसांचं काम आहे. राहायला माझं घर आहे, नको असेल तर कोल्हापूरहून सकाळची बस आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. डबा मी टेबलावर ठेवीन आणि निघून जाईन. मी चुकले आणि खोटं बोलले, ते मी लिहून दिलंय, माझ्या अक्षरात तुझ्याकडे आहे. त्याची शिक्षा मला कर, तुला वाटेल तेवढी वर्षं कर. ती दहा पोरं या भांडणात कुठंच नाहीत.

काल रात्रीच दहाही घरांत निरोप धाडला. एकीच्या घरी लग्नाची बोलणी चालू होती, तिथं मी स्वतः गेले आणि तिच्या आजीशी भांडून पोरीला सव्वीस तारखेपर्यंत सोडवून आणली. वर्ग परवा सोमवारी सकाळी आठला उघडतोय. या पत्राला पोस्टानं चार दिवस लागतील, म्हणून भावकूच्या पोराबरोबर पाठवतेय. तो उद्या कोल्हापूरला निघालाय. तोवर मीच फळ्यापाशी उभी राहणार आहे. आज दिवसभर वर्गसमीकरणं काढून बसले होते. पहिली चार सुटली, पाचवं सुटेना. तेच सोमवारी पोरांना सांगणार आहे, की मलाही येत नाही, चला, आपण मिळून बघू.

तू येईपर्यंत पाचव्यावरच थांबते.

लता